डोंगरकड्याची हिरवी चौकट

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत चूक माझी आहे. लाईटची आहे, पुण्याच्या साहेबांची आहे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची आहे, असं बरीच वर्षं मी लोकांना सांगून पाहिलं. लोक मान हलवतात आणि चहा मागवतात. बायको तर विषय निघाला की उठून आत जाते. तेव्हा आता फिरवून-फिरवून सांगण्यात अर्थ नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सात वर्षं. एका कंपनीनं मोठ्या गावांत माहिती केंद्रं काढली होती आणि हिंगोलीत बसून मी त्यातली तीन सांभाळत होतो: हट्टा, जवळा बाजार आणि डोंगरकडा. केंद्र म्हणजे गावातली एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि टेबलाखाली एक काळं खोकं. त्या खोक्याला सर्व्हर म्हणायचं. लोक सात-बारा काढायला यायचे, बाजारभाव बघायला यायचे, पोरांचे निकाल आणि अर्ज असायचे. माझं ऑफिस पंपसेटच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत होतं. एप्रिल-मेमध्ये तिथं कीबोर्डला हात लावला की चटका बसायचा.

माझा बाप औंढ्याकडच्या माळावर मेंढरं राखायचा. थोडी घरची, बाकी लोकांची, वाट्यानं राखलेली. तू तिथं बसून करतोस तरी काय, असं त्यानं एकदा विचारलं. मी सांगितलं, तीन गावांत तीन खोकी आहेत. त्यातलं कोणतं जागं आहे, कोणतं पडलं आहे, ते मला बसल्या जागी कळतं. बाप म्हणाला, म्हंजे राखनच की. मला राग आला. एवढं शिकून परत मेंढरांत आणून सोडलं त्यानं.

लोकांचं जनावर राखायची आमच्याकडे एक रीत आहे. मेंढरू मेलं तर त्याचा कान कापून वाळवून ठेवायचा. मालक आला की तो दाखवायचा. कानाला ज्याच्या-त्याच्या खुणेची कातर असते, ती बघून मालकाला पटतं की जनावर खरंच मेलं, मेंढक्यानं विकून खाल्लेलं नाही. आमच्या घरात आढ्याला एक चिंधी बांधलेली असायची, तिच्यात असले कान असायचे. लहानपणी मला त्या चिंधीची शिसारी यायची. जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

असो. खोक्यांकडे येतो. पुण्यात कंपनीचा एक मोठा कॉम्प्युटर होता. तो दर पाच मिनिटांनी सगळ्या गावांतल्या खोक्यांना हाक मारायचा. खोक्यानं ओ दिली की देखरेखीच्या प्रोग्रॅमच्या पानावर त्याच्या नावाची चौकट हिरवी. लागोपाठ तीन हाकांना ओ दिली नाही की चौकट लाल. चौकट लाल झाली की एक मेसेज माझ्या मोबाईलवर यायचा आणि एक साहेबांच्या. साहेब मला फोन करायचे नाहीत, सरळ केंद्रावर करायचे. केंद्र बंद का, तुम्ही जागेवर होतात का, लेखी खुलासा द्या.

आता डोंगरकड्याचं केंद्र चालवणाऱ्या ताईंबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्यांचंच आहे. त्या भीमनगरातल्या. नांदेडला मामाकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या. नवरा केळीचे घड गाड्यांत भरायच्या कामावर. डोंगरकड्याच्या बाजूला केळी दांडगी. केळीवाले मोठे शेतकरी सात-बारासाठी ताईंच्या टेबलासमोर उभे राहायचे आणि त्यांना म्याडम म्हणायचे. ज्यांच्या मळ्यात ताईंच्या सासूनं आयुष्यभर खुरपं धरलं, ते. पगार काही सांगण्यासारखा नव्हता, पण ते म्याडम आणि ती खुर्ची ताईंना जिवापाड प्यारी होती. खुर्चीच्या पाठीला त्यांनी विणलेलं कव्हर घातलं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्या खुर्चीवर बसायला लागलो, तर त्यांनी हसत-हसत मला स्टुलाकडे हात केला.

आणि लाईट! त्या वर्षांत लोडशेडिंगनं नुसता जीव नकोसा केला होता. डोंगरकड्याच्या लाइनीला लाईट सकाळी नऊला जायची आणि दुपारी तीनला यायची. बरोबर ऑफिसच्या वेळेत. खोक्याच्या बॅटऱ्या सुरुवातीला दीड तास टिकल्या, नंतर दहा मिनिटं. नव्या बॅटऱ्यांसाठी मी इतके अर्ज केले की त्यांचीच चळत बॅटरीएवढी झाली असती. म्हणजे रोज सव्वानऊ-साडेनऊला चौकट लाल, आणि ताईंना फोन. लाईट गेली म्हणून सांगितलं तर साहेब म्हणायचे, रोज कशी जाईल? पुण्यात बसलेल्या माणसाला ते खरंच पटत नव्हतं.

ताई हुशार. त्यांनी एक वही घातली. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, आपण किती वाजता आलो, किती वाजता उठलो. आणि रोजच्या नोंदीपुढे शेजारच्या शिलाईवाल्या चाचांची सही. चाचा उर्दूत सही करायचे. लाईट तीनला आली की ताई खोकं चालू करून अंधार पडेपर्यंत बसायच्या. केंद्राची वेळ सहापर्यंत, पुढे बसायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण मळ्यातून माणसं त्याच वेळेला मोकळी व्हायची, त्यांना परत पाठवायचं कसं, असं त्या म्हणायच्या.

त्या फोनवर आधी 'जय भीम, भाऊ' म्हणायच्या आणि मग सांगायच्या की आज साहेब असं बोलले, आज तसं बोलले. रडायच्या नाहीत, पण आवाज कोरडा पडत चालला होता. एकदा साहेबांनी विचारलं होतं, तुम्ही घरी स्वयंपाक करत होतात ना? ते ऐकून माझं टाळकं सटकलं. टेबलावरचा कॅल्क्युलेटर मी भिंतीवर हाणला. काय उपयोग, कॅल्क्युलेटर माझाच होता.

त्या प्रोग्रॅमच्या पानावर जाऊन 'या खोक्याला इतक्या वाजेपर्यंत हाक मारू नका' असं सांगायची सोय होती. पण आमच्या टेलिफोनच्या लायनीवर ते पान उघडायला पंधरा मिनिटं लागायची आणि उघडेपर्यंत लाईट गेलेली असायची. मग मला कळलं की पान न उघडताही त्या कॉम्प्युटरशी बोलता येतं. त्याला एपीआय म्हणतात. तहसिलीत रांगेत न उभं राहता मागच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवावी, तसं. एका ओळीत पत्ता, आपली किल्ली, खोक्याचं नाव आणि काय करायचं ते लिहायचं. एका ओळीत उत्तर येतं. किल्ली म्हणजे अक्षरा-आकड्यांची लांबलचक माळ. ती मी डायरीच्या पुठ्ठ्याच्या आतून लिहून ठेवली होती. पुण्यातल्या एका इंजिनियर पोराला गळ घालून मी या एपीआयची माहिती पोस्टानं मागवली. वीस-बावीस पानं होती. दोन आठवडे ती वाचत बसलो. सगळी वाचली नाहीत, हे इथंच सांगतो.

पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. नुसतं 'ओके'. पण कुठं पुणं आणि कुठं आमची पत्र्याची खोली! मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. ते मी आठवड्यातून एकदा टाईप करून ठेवायचो. रोज सकाळी तो प्रोग्रॅम पुण्याला तीन चिठ्ठ्या पाठवायचा: हट्ट्याला अमुक ते अमुक हाक मारू नका, जवळ्याला अमुक ते अमुक, डोंगरकड्याला नऊ ते तीन. आमच्याकडे लाईट जाणं हे सूर्य मावळण्यासारखं ठरलेलं होतं, त्याचं वेळापत्रक निघत होतं, मग ते आधीच सांगून टाकायला काय हरकत? मला तर यात अक्कलहुशारीच वाटली. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

डोंगरकड्याची चौकट दिवसभर हिरवी राहू लागली. फोन बंद झाले. आठवडाभरानं ताईंचा मला फोन आला, तर आवाज ओळखू येईना, इतका मोकळा. आता साहेबांची कटकट नाही म्हणाल्या. हे मीच केलं, ते सांगायला लाजलो. आपण कोणासाठी काही केलं आणि ते आपणच सांगायचं, हे बरं दिसत नाही. पुढच्या खेपेला केंद्रावर गेलो तर त्या वही लिहीत होत्या. मी म्हणालो, "ताई, आता काहून लिहून राहिल्या? मशीन समदं लिहितंय. पाच-पाच मिनिटांचं." आणि ते खरं होतं. साहेबांचे फोन थांबले तरी नोंद थांबली नव्हती. खोकं कधी जागं झालं, कधी झोपलं, ते पुण्यात साठत होतं. ताईंनी वही मिटली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. चाचांनी गंमत केली, चला, माझी नोकरी सुटली म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. मला ती बरी गेली असं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षी कंपनीनं काही केंद्रं बंद करायची ठरवली. पुण्यात रिपोर्ट काढला. रिपोर्टमध्ये केंद्राची वेळ नऊ ते सहा धरलेली होती, आणि ज्या वेळेत हाक मारू नका असं सांगून ठेवलेलं, ती वेळ केंद्रानं स्वतःच बंद ठेवलेली वेळ म्हणून मोजली होती. प्रोग्रॅमनं दुसरं काय समजावं? हट्टा आणि जवळ्याची लाईट भल्या पहाटे आणि संध्याकाळी जायची, म्हणून ती केंद्रं वाचली. डोंगरकडा मात्र कागदावर रोज नऊ ते तीन आपण होऊन बंद. दोन वर्षं. सहानंतर ताई बसायच्या, ते वेळेबाहेरचं, ते धरलंच नव्हतं. लाल चौकटी राहिल्या असत्या तर निदान कोणी विचारलं असतं की हे रोज बंद का पडतं. मी हिरवं केलं, आणि विचारायचं कारणच संपवलं.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त साहेबांची मेल आली: डोंगरकडा केंद्र बंद होणार, पत्र पोस्टानं पाठवलं आहे, त्याचं नाव देखरेखीतून आज बाराच्या आत काढा, ती जागा दुसऱ्या खोक्याला द्यायची आहे. मेल मी दोनदा वाचली. तेव्हा पावणेबारा झाले होते. आमच्या हिंगोलीतली लाईट बाराला जाणार होती. डायरी उघडली, किल्ली टाकली, खोक्याचं नाव टाकलं, पुढे 'काढून टाका' लिहिलं आणि पाठवलं. उत्तर आलं, ओके. मग लाईट गेली. साहेबांचं काम वेळेत झालं म्हणून मला जरा हायसंही वाटलं, हे मी लपवत नाही.

ताईंना पत्र मिळायला दहा दिवस लागले. फोन आला तेव्हा मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, पण त्यांना माझं सांत्वन नकोच होतं. साहेब सोमवारी हिंगोलीत येणार होते, ज्यांची केंद्रं बंद होणार त्यांचं म्हणणं ऐकायला. ताईंनी सगळं ठरवून ठेवलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, माझं समदं तुमच्या मशिनीत हाय ना? लाईट आली की मी बसलेच, एक दिस चुकले न्हाई. तेवढं कागदावर काढून द्या. कागद दावला की खुर्ची वाचते."

काढतो म्हणालो. फोन ठेवून लगेच चिठ्ठी पाठवली: डोंगरकड्याच्या खोक्याच्या दोन वर्षांच्या नोंदी द्या. उत्तर आलं, असं खोकं सापडत नाही. परत पाठवली. स्पेलिंग तपासून पाठवली. मग ती वीस-बावीस पानं शोधून काढली आणि शेवटून दुसऱ्या पानावर ते सापडलं. खोकं काढून टाकलं की त्याच्या सगळ्या नोंदीही जातात. हव्या असल्यास आधी काढून ठेवाव्यात. त्या पानाच्या कोपऱ्याला डाग होता. मी त्याच्यावर चहा ठेवत होतो.

पुण्याच्या इंजिनियर पोराला फोन लावला, अक्षरशः गयावया केली. पोरगं भलं होतं, त्यानं शोध शोध शोधलं. त्यांच्याकडे जुनी प्रत सात दिवस राहायची, मग तिच्यावर नवी चढायची. दहावा दिवस होता.

रविवारी मी गावाकडे गेलो. करमेना, म्हणून बापाला सगळं सांगितलं. खोकं, चिठ्ठ्या, किल्ली, यातलं त्याला किती कळलं देव जाणे. तो मेंढीचं खूर खरवडत होता. हातातलं काम न थांबवता त्यानं विचारलं, "मेलेल्याचा कान न्हाई राखला व्हय?" त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी मान खाली घालून त्याच्यासमोर बसून राहिलो. चाळीस-चाळीस मेंढरांचा हिशेब न लिहिता ठेवणारा माणूस, आणि एक खोकं न राखता आलेला मी.

सोमवारी एका लॉजच्या हॉलमध्ये साहेब बसले होते. वाटलं होतं तसे ते उर्मट नव्हते. थकलेले होते, आवाज हळू होता. ताई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. सकाळीच मी त्यांना सांगितलं होतं की नोंदी मिळत नाहीत. का मिळत नाहीत, ते सांगायला जीभ उचलली नव्हती. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी पानं उलटली, चाचांच्या सह्या बघितल्या आणि म्हणाले, ही पहिल्या वर्षाची आहे, आपल्याला पुढच्या दोन वर्षांचं हवं आहे. पुढे लिहिणं का बंद केलं?

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, नाव घेतलं नाही. मान खाली घालून म्हणाल्या, राहून गेलं सर.

मग मला बसवेना. उभा राहिलो आणि सगळं ओकलो. वही मी बंद करायला लावली, हाक मारू नका हे रोज मीच सांगत होतो, ताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि नोंदीही मीच पुसल्या. बोलताना आवाज चढला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, पण मी कागदावर काय लिहू? त्यांनी मला विनापरवानगी बदल केल्याबद्दल एक मेमो दिला. माझी नोकरी राहिली. ताईंची वही त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली.

बसस्टँडवर डोंगरकड्यावरून जाणाऱ्या नांदेड गाडीला वेळ होता. मी चहा आणला, त्यांनी घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. पुढच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर पुण्याकडे जाणार म्हणाल्या, बांधकामावर. तिकडे त्यांची मोठी जाऊ होती. खुर्चीचं विणलेलं कव्हर काढून आणलंय, ते मात्र तिथं नाही सोडलं, असंही सांगितलं. मग ग्लास खाली ठेवून म्हणाल्या,

"दोन वर्सं सायबाचा फोन आला न्हाई, भाऊ. मला वाटलं, त्यांना माझं पटलं."

गाडी लागली. आत गर्दी होती, त्या दारापाशीच उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. गाडी वळताना त्यांनी नेहमीसारखाच जय भीम केला. मी हात वर केला तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेली होती.